डाव्या डोळ्याची बदनामी

१४ जानेवारी, मंगळवार

आज सकाळी मी धुण्याच्या घमेल्यात पाय घातला. पॅन्ट गुडघ्यापर्यंत भिजली, साबणाचे पाणी ओटीभर झाले. ओफोरीवा म्हणते, "बाबा, दारातच तर होतं. एवढं मोठं निळं घमेलं!"

दारात नव्हते. दारात असते तर मला दिसले असते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे मी, आंधळा नाही. ते दाराच्या बाजूला होते. बाजूला ठेवलेल्या वस्तूला 'दारात' म्हणणारी ही पिढी बाजारात कापडाची दुकाने कशी चालवते, देव जाणे. तिची आई असती तर घमेले परसात असते आणि मी कोरडा असतो.

उत्तरेचा धुळीचा वारा सुरू झाला आहे. समोरच्या टेकडीच्या कडा कुणी ओल्या बोटाने पुसाव्यात तशा दिसतात. हा महिना मला लहानपणापासून प्रिय. मिशनच्या शाळेत पाचवीला आम्हाला या वाऱ्याची एक कविता होती; तीत वारा दारोदार हिंडतो आणि प्रत्येकाच्या ओठांना राख लावून पुढे जातो. मास्तर ती डोळे मिटून म्हणायचे आणि आम्ही खरोखर ओठ चाटायचो.

हल्ली मला एक गोड गोष्ट जाणवते. वस्तू एकेक करून समोर येतात, चौकटीत बसवलेल्या तसबिरीसारख्या. झाड पाहिले की झाडच. माणूस पाहिला की त्याचा चेहरा, बाकी काही नाही. तरुणपणी सगळी गर्दी एकदम डोळ्यांत घुसायची. म्हातारपणी देव गर्दी कमी करतो. यावर काही लिहायला हवे. पण पॅन्ट ओली असताना काव्य सुचत नाही.

१५ जानेवारी, बुधवार

चर्चच्या सभागृहात राजधानीहून डॉक्टर मंडळी येऊन बसली आहेत. साठीच्या पुढच्या माणसांचे डोळे आणि तब्येत यांचा अभ्यास करणार म्हणे. आमच्या या डोंगरपट्ट्यात म्हाताऱ्यांची नजर का जाते, ते शोधणार. घंटा वाजवणारा गल्लोगल्ली ओरडत गेला, "ओबोदानसोच्या वडीलधाऱ्यांनो, डोळे घेऊन या!"

आयिसी म्हणाला, "घरी ठेवून कसे येऊ?"

आयिसी माझा बालमित्र. कोकोची बाग आहे त्याची. चौथीत नापास झाला आणि तेव्हापासून सुखी आहे.

१७ जानेवारी, शुक्रवार

जाऊन आलो. वजन, रक्तदाब, बोट टोचून साखर. मग दोरीवरून चालून दाखवा. मग शंभरातून सात-सात वजा करा. मी एक्कावन्नच्याही खाली गेलो तेव्हा त्या पोराने हात जोडले, म्हणाला पुरे.

डोळ्यांच्या टेबलावर ओबेनेवा होती. माझीच विद्यार्थिनी, आता नर्स झाली आहे. पांढऱ्या कपड्यांत काय शोभत होती! समोरच्या भिंतीवर तक्ता. त्यावर एकच इंग्रजी अक्षर, ई. कुठे उभे, कुठे पालथे, कुठे पाय वर, आणि खालच्या ओळींत लहान लहान होत गेलेले.

"नाना, उजवा तळहात उजव्या डोळ्यावर ठेवा."

ठेवला.

"आता मी छडी ठेवीन त्या अक्षराचे पाय कुठं आहेत ते मोकळ्या हातानं दाखवा. तोंडानं नका सांगू हं, रांगेतले ऐकून पाठ करतात."

मोकळा हात म्हणजे डावा. रांगेत अर्धे गाव बसलेले, पुढच्या खुर्चीवर मुखियाचे काका. त्यांच्या देखत मी डावा हात उगारू? या हाताने मी आयुष्यात कुणाला पाण्याचा पेला दिला नाही, वाट दाखवली नाही. मी गप्प बसलो. म्हटले, पोरीच्या ध्यानात येईल. ती एकेका अक्षरावर छडी ठेवत गेली आणि खाली मान घालून थांबत गेली. मोठ्या माणसाला 'गप्प का?' असे विचारायचे नसते, हे मीच तिला शिकवले होते. छान वाटले मला. शिकवलेले वाया जात नाही.

शेवटी तिने हळूच विचारले, "डाव्याचं नाही ना, नाना?"

"नाही," मी म्हणालो. "डाव्याचं मुळीच नाही."

तिने मान हलवून काहीतरी लिहिले. मग डावा तळहात डाव्या डोळ्यावर, आणि उजव्या हाताने मी तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा दाखवला. रांगेतून कुणीतरी म्हणाले, "टीचर तो टीचर!"

२० जानेवारी, सोमवार

आयिसीशी संबंध संपला.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे त्याच्या ओसरीवर ओवारेचा पाट मांडला. बारा खळगे, अठ्ठेचाळीस बिया, सत्तर वर्षांची मैत्री. तिसऱ्या डावात माझ्या कडेच्या खळग्यातल्या बिया नाहीशा! मी मधून उचलून वाटत गेलो, पाहतो तो कडेला काही नाही आणि आयिसी हसतोय.

"कुठं गेल्या?"

"काय कुठं गेल्या?"

"बिया! माझ्या कडेच्या!"

"आहेत की तिथंच. तू खेळत नाहीस त्या. महिनाभर खेळत नाहीयेस. मला वाटलं काही नवी युक्ती आहे."

"हात मागे घे आधी आणि मग बोल!"

"टीचर, माझ्या घरी बसून, माझी ताडी पिऊन मला चोर म्हणतोस?"

"ताडीत पाणी आहे," मी म्हणालो आणि उठलो. उठताना दाराचा खांब खांद्यावर बसला. त्याने तो खांबसुद्धा सरकवला असेल, सांगता येत नाही.

२३ जानेवारी, गुरुवार

आज रागाने पेन कागदात रुततोय, म्हणून अक्षर वाईट येते आहे.

आज सभागृहात निकाल सांगायला बोलावले होते. डॉक्टर आग्बेको म्हणून तरुण गृहस्थ आहेत, मुख्य तेच. चष्मा, शांत आवाज. उभे राहून म्हणाले की या गावात फार वेगळी गोष्ट सापडली आहे. वडीलधाऱ्यांपैकी बहुतेकांचा उजवा डोळा बरा आणि डावा जवळपास गेलेला! असे जगात कुठे आढळलेले नाही. चुलीचा धूर डावीकडून लागतो का, कोकोवरची फवारणी डाव्या खांद्यावरून करता का, लहानपणी डाव्या कुशीवर झोपवायचे का? विचारताना त्यांचे डोळे चमकत होते. आणि मग ओबेनेवा नावे वाचू लागली.

"टीचर ओफोसु. उजवा उत्तम. डावा, दिसत नाही."

मी उभा राहिलो. पाठीमागे कुणाची तरी खुर्ची पडली, माझीच असावी.

"कुणाचा डावा दिसत नाही? या डोळ्यानं मी आज सकाळी भजनांच्या पुस्तकाच्या तळटीपा वाचल्या! डॉक्टर, तुमचं गाव कुठलं?"

ते गडबडले. "व्होल्टा नदीच्या पलीकडचं, नाना."

"तुमच्या आईला तुम्ही डाव्या हातानं जेवण वाढता?"

"छे!"

"तुमच्या आजोबांना डाव्या हातानं रस्ता दाखवता?"

"नाही नाना, कसं—" आणि तिथेच त्यांचे तोंड उघडे राहिले. त्यांनी ओबेनेवाकडे पाहिले. ओबेनेवाने स्वतःचा उजवा तळहात उजव्या डोळ्यावर ठेवला, मग आपल्या रिकाम्या डाव्या हाताकडे पाहिले आणि मटकन खाली बसली.

"तू विचारलं का नाहीस त्यांना?" डॉक्टर पुटपुटले.

"नानांना? मी?" ती म्हणाली. "सगळे गप्प बसायचे, डॉक्टर. मी कशी विचारणार, का गप्प म्हणून?"

सभागृहात असे हसू उसळले की छतावरच्या पाली पळाल्या. मुखियाचे काका हसता हसता खोकले. पण मला हसू आले नाही. कुठल्या तरी बर्फाच्या देशात कुणी एक पद्धत लिहून काढतो, कुठला हात कुठे ठेवायचा ते, आणि त्या कागदाच्या जोरावर आमचे डोळे फोडून मोकळे! माझा डावा डोळा सहा दिवस सरकारदरबारी आंधळा होता. याला जबाबदार कोण?

२४ जानेवारी, शुक्रवार

फेरतपासणी. यावेळी ओबेनेवाने स्वतः पुठ्ठा धरून डोळा झाकला. मी उजव्या हाताने दाखवत गेलो. डावा डोळा, शेवटची ओळ. उजवा डोळा, शेवटची ओळ. मी उठून कोट सारखा केला आणि डॉक्टरांकडे पाहिले. आता क्षमा मागतील, म्हटले.

तर ते म्हणाले, "नाना, जरा बसाल?"

मला आत नेले. एक डोळा झाकून त्यांच्या नाकाकडे बघायला लावले आणि स्वतः हात पसरून कुठेतरी बोटे नाचवू लागले. "किती बोटं, नाना?" मी म्हटले, तुमच्या नाकाकडे बघू की बोटे मोजू, एक काहीतरी ठरवा. मग हनुवटी टेकवायला लावून डोळ्यावर काहीतरी टेकवले, आत उजेड पाडला, बराच वेळ पाहत राहिले. मग खुर्ची जवळ ओढली. आवाज इतका मऊ, जणू मी लग्नाची मुलगी आहे.

"नाना, डोळ्यातला दाब थोडा चढलाय. मागची नस थकलीय. बाजूचा उजेड जरा कमी झालाय. याला काचबिंदू म्हणतात. एक थेंब रोज संध्याकाळी घातला तर बरं होईल."

"नाही घातला तर?"

त्यांनी चष्मा पुसला. "तर... काळजी घ्यावी लागेल, नाना. आणि हे भावंडांत असतं. तुमच्या बहिणीचंही तसंच आहे. त्यांना बाटली दिलीय."

मी समजलो. काल भर सभेत मी त्यांची चूक काढली, त्याचे हे उट्टे. शेवटच्या ओळीपर्यंत वाचणाऱ्या माणसाला आणखी काय म्हणणार? म्हणून बाजू काढली. पुस्तकाची बाजू कोण वाचते? ती तर कोरीच असते!

बाटली मी टेबलावरच ठेवून आलो.

२६ जानेवारी, रविवार

प्रार्थनेनंतर चौकातल्या झाडाखाली वडीलधारे बसले होते. मी बोललो. चांगले बोललो. शाळेच्या निरोपसमारंभानंतर इतके चांगले बोललो नव्हतो.

"ज्यांना सभ्य माणसाचा हात आणि आंधळ्याचा डोळा यांतला फरक कळत नाही, त्यांच्या हातचा थेंब तुम्ही डोळ्यांत घेणार? काल म्हणाले डावा गेला. आज म्हणतात बाजू गेली. उद्या म्हणतील मागचं दिसत नाही! मी तर एक थेंबही पडू देणार नाही."

माना डोलल्या. माझी थोरली बहीण अनिमवा उठली. कमरेच्या गाठीतून बाटली काढली आणि पायरीवर ठेवली. "माझा भाऊ शिकलेला आहे," ती म्हणाली, "तो म्हणतो ते खरं." मग एकेकाने आपापल्या बाटल्या काढल्या. आयिसी दूर बसला होता. माझ्याशी बोलला नाही, पण बाटली त्यानेही ठेवली.

घरी येताना छाती भरून आली होती. या गावात अजून शब्दाला किंमत आहे.

२९ जानेवारी, बुधवार

ओफोरीवाशी भांडण. काल बाजाराच्या रस्त्यावर एक मोटरसायकल माझ्या कोपराला घासून गेली. चोरासारखी आली, आवाज नाही काही नाही. ओफोरीवा म्हणते, आवाज सगळ्या बाजाराला ऐकू येत होता, ती दुकानातून ओरडत होती, आणि मी सरळ मोटरसायकलीसमोर पाऊल टाकले.

"समोर असती तर दिसली असती!"

"बाबा, हल्ली तुमचं सगळं बाजूलाच असतं. घमेलं बाजूला, खांब बाजूला, शेळी बाजूला. समोर मग राहिलंय काय?"

"तोंड सांभाळ."

"मी कुमासीला दादाला फोन करते."

"कर! दोघं मिळून मला खुर्चीला बांधून ठेवा!"

रडत निघून गेली. मला वाईट वाटले, पण रागाने वाईट वाटू दिले नाही. सगळे डॉक्टरला सामील आहेत. परवा अनिमवाच्या हातून उकळते सूप तिच्याच पायावर सांडले, त्यालाही ओफोरीवा तेच कारण लावते. अहो, ब्याऐंशी वर्षांच्या बाईच्या हातून सूप सांडणारच. डाव भरलेला होता, भांडे थोडेसे बाजूला होते, एवढेच.

३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी शाळेत गेलो होतो. दर वर्षी मोठ्या बाई मला एक तास देतात, चौथीला कविता शिकवायला. वर्षातला माझा सर्वात आवडता तास. खडूचा वास, पत्र्यावर आंब्याची पाने पडल्याचा आवाज. मी त्यांना आमची जुनी वाऱ्याची कविता म्हणून दाखवली, दोनदा. मग विचारले, "वारा ओठांना काय लावतो?"

मधल्या बाकांवरून हात वर आले. एकाला विचारले, बरोबर. मग दुसरा प्रश्न, पुन्हा तेच चार हात. तिसऱ्यालाही तेच. मला राग आला. माझ्या वेळी भिंतीकडच्या पोरांना इतके मोकळे सोडत नसू.

"कडेच्या बाकांवर सगळे दगड बसलेत का रे?"

कुणी हसले नाही. वर्ग एकदम गार. मग पुढच्या बाकावरची एक चिमुरडी म्हणाली, "टीचर, ते केव्हाचे हात वर करून बसलेत."

मी मान वळवली. डावीकडे, भिंतीपर्यंत, हातच हात. मान उजवीकडे वळवली. तिकडेही. काही पोरांनी दमून दुसऱ्या हाताने कोपराला टेकू दिला होता.

मी सरळ पाहिले. हात नाहीसे झाले. चार राहिले.

तास अर्धवट सोडून घरी आलो. दार लावून खाटेवर बसलो, समोरच्या भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोत माझ्या बायकोच्या चेहऱ्याकडे नजर ठेवली आणि दोन्ही हात पसरून हळूहळू आत आणू लागलो. आणत राहिलो, आणत राहिलो. टाळी वाजायची वेळ आली तेव्हा कुठे बोटे उगवली. माझीच बोटे.

फोटोत तिच्या शेजारी मी उभा आहे. मला मी दिसत नव्हतो.

५ फेब्रुवारी, बुधवार

काल काही लिहिले नाही. ओफोरीवाशीही बोललो नाही. आज सभागृहात गेलो. मी कुणावर ओरडायला चाललो आहे तेच नक्की नव्हते, पण ओरडायचे होते.

डॉक्टर आग्बेको खोकी बांधत होते. ओबेनेवा तक्ता गुंडाळत होती.

"बाजूचा उजेड जरा कमी!" मी दारातूनच सुरुवात केली. "जरा? अहो, निम्मा वर्ग गायब आहे! थेंब घातला नाही तर काय होईल असं मी तुम्हाला विचारलं होतं की नाही?"

"विचारलं होतं, नाना."

"मग काय म्हणालात? काळजी घ्यावी लागेल! ही काय पडशाची गोष्ट आहे?"

"नाना, तुमच्यासारख्यांना तोंडावर असं कसं—"

"काय असं? म्हणा!"

त्यांनी ओबेनेवाकडे पाहिले. तिने खाली पाहिले. काय माणसे आहेत! एवढी शिकली आणि सगळी मिळून एक वाक्य बोलू शकत नाहीत.

"म्हणा म्हणतोय ना!"

"तुम्ही आंधळे व्हाल," ओबेनेवा म्हणाली. डॉक्टर नव्हे, ओबेनेवा. आणि म्हणून झाल्यावर तिने दोन्ही हातांनी तोंड झाकले, चर्चमध्ये शिवी दिल्यासारखे. मग बोटांआडून म्हणाली, "पूर्ण, नाना. दोन्ही. गेलेलं परत येत नाही. उरलंय तेवढं थेंबानं टिकतं. तुमच्या ताईंचं, मोठ्या नानींचं, तुमच्याहून कमी उरलंय."

पन्नास वर्षांत माझ्याशी असे कुणी बोलले नव्हते. मला तिला थोबाडीत मारावीशी वाटली आणि तिच्या पाया पडावेसे वाटले.

बाटली मागितली. दिली. पण मग डॉक्टरांनी खरी गोष्ट सांगितली. शुक्रवारी दुपारी गाडी भरून ते डोंगराखाली जाणार. या गावचे डाव्या डोळ्याचे सगळे आकडे फेकून द्यावे लागले, फेरतपासणीला कुणी येत नाही, म्हणून वरून हुकूम आला की ओबोदानसो अभ्यासातून वगळा. गाव अभ्यासात राहिले तर दर महिन्याला आरोग्यकेंद्रात औषध येईल, सगळ्यांसाठी, फुकट. वगळले तर ही एक बाटली, आणि पुढे राजधानीच्या दुकानांत शोधत फिरा.

"कुणी का येत नाही?" मी विचारले.

दोघेही सभ्य माणसे. दोघेही पुन्हा खोकी बांधू लागले.

६ फेब्रुवारी, गुरुवार

झाडाखाली गेलो. सगळे होते. मी म्हणालो, डोळ्यांची गोष्ट खरी आहे, उद्या दुपारच्या आत सगळ्यांनी सभागृहात जायचे.

"टीचर दमलेत," मुखियाचे काका प्रेमाने म्हणाले. "बसा. पाणी आणा रे टीचरना."

"मला पाणी नको! मला दिसत नाही! कडेचं काही दिसत नाही, आणि तुमच्यातल्या कितीकांना दिसत नसेल ते तुम्हालाच ठाऊक नाही, कारण न दिसणारं दिसत नाही म्हणून कळणार कसं!"

"तूच म्हणालास ना," अनिमवा म्हणाली, पायाला केळीचे पान बांधून बसली होती, "की एक थेंबही पडू द्यायचा नाही. अख्ख्या गावासमोर म्हणालास. आपल्या घरात बोललेला शब्द कुणी परत तोंडात घेतलाय का आजवर?"

"मी घेतो! हा बघ, घेतला!"

"शोभत नाही तुला."

"ताई, तू आंधळी होशील!"

सगळ्यांनी जिभा चावल्या. थोरल्या बहिणीला भर चौकात असे! दोघे-तिघे उठूनच गेले. आयिसीने काठी टेकली.

"टीचर, दोन आठवड्यांमागं तू मला चोर म्हणालास. आज सगळ्यांना आंधळं म्हणतोस. तुझा राग उतरला की सांग, मग ठरवू कोण काय आहे."

"तू चोर नाहीस. बिया तिथंच होत्या. मीच आंधळा आहे, पुरे?"

"ताडीत पाणी होतं का?"

"होतं! ते मात्र होतं!"

आयिसी हसला नाही. कुणीच हसले नाही. माझे डोके फिरले. "गाढवांनो," मी ओरडलो, "मी चुकीचं बोललो तेव्हा टाळ्या वाजवल्यात. आता खरं बोलतोय तर पाणी पाजता? माझं ऐकलंत कशाला? कुणी एकानं तरी उठून म्हणायचं होतं, बस खाली म्हाताऱ्या!"

कोण म्हणणार? माझ्याहून मोठे म्हणाले नाहीत कारण मी शिकलेला, लहान म्हणाले नाहीत कारण मी मोठा. सगळे माझ्याकडे दयेने पाहत होते. मी घरी आलो. ओफोरीवाने न बोलता डोळ्यांत थेंब घातले. झोंबले. चिडून तिला म्हणालो, जरा हळू. ती म्हणाली, "डोळे उघडे ठेवा आणि तोंड बंद." आता सगळेच शिकले वाटते बोलायला.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळपासून वारा. गाडी सभागृहासमोर लागलेली इथून दिसत होती. समोर असलेले मला अजून छान दिसते. मी कोट चढवला आणि रस्त्याच्या मधोमध चालू लागलो. एकट्याने का होईना, त्यांच्या कागदावर बसायचे, फेरतपासणी करून घ्यायची, आणि एका माणसाने गाव होत नाही असे डॉक्टर म्हणालेच तर तिथेच गाडीसमोर आडवे व्हायचे, एवढे ठरवले होते. ओफोरीवा येते म्हणाली. म्हटले, दुकान उघड, तमाशा नको.

अनिमवाच्या दारावरून जाताना मोठ्याने खोकलो. आयिसीच्या दारावरून जाताना मोठ्याने म्हणालो, "काही लोकांना आपली कोकोची झाडं दिसेनाशी झाली की कळेल!" झाडाखालून जाताना काहीच बोललो नाही. चुकीच्या गोष्टीसाठी या गावाने मला खांद्यावर घेतले होते; बरोबर गोष्टीसाठी एक माणूस दारात येत नव्हता.

मग चपलांचा आवाज आला. डावीकडून, जरा मागून. लंगडत चालल्यासारखा. मग उजवीकडून काठी. मग आणखी काही, धुळीत फरफटणारे. दोघे असतील, दहा असतील, किंवा रस्त्याने आपापल्या कामाला जाणारी माणसे असतील. मान वळवली असती तर कळले असते. पण वळवली असती तर त्यांना वाटले असते मी माणसे मोजतो आहे, आणि इथे माणसे मोजू लागले की म्हातारे घरी परततात. मी मान ताठ ठेवली आणि गाडीकडे बघत ओरडलो, "पाय उचला की! गाडी काय तुमच्या सासऱ्यांची आहे थांबायला?"

ओबेनेवा गाडीच्या मागच्या दाराशी उभी होती, शेवटची खुर्ची आत ढकलत. तिने वर पाहिले. माझ्याकडे नाही पाहिले. आधी माझ्या एका बाजूला पाहिले, मग दुसऱ्या. बराच वेळ पाहिले. मग तिने ती खुर्ची पुन्हा खाली उतरवली. मग आणखी एक. मग डॉक्टरांना हाक मारली आणि दोघांनी मिळून लांब बाक ओढून काढला.